जोतीराव फुले : शाळा, शिक्षक आणि सरकार



एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा अभ्यास करताना जोतीराव फुले यांचे नाव आपल्यासमोर प्रामुख्याने 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांचे कर्ते म्हणून येते. या पाठात त्यांच्या चरित्राकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. जोतीराव स्वतः शिक्षक होते, शाळा काढणारे व चालविणारे होते. सरकारने शिक्षक कोणातून निवडावा, त्याला काय शिकवावे आणि दरमहा किती पगार द्यावा, याविषयी त्यांची मते ठाम आणि तपशीलवार होती. ही मते त्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेल्या लेखी निवेदनात एकत्र आली. या निवेदनाचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो, पण तो बहुधा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीपुरताच असतो. त्यातील शिक्षकविषयक भाग सहसा वाचला जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र तोच त्या निवेदनाचा गाभा आहे, आणि तो समजून घ्यावयाचा तर जोतीरावांना आयुष्यात भेटलेल्या शाळा आधी पाहिल्या पाहिजेत.

पंतोजीची शाळा आणि मिशनची शाळा

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पेशवाईच्या उत्तरकाळात फुलांच्या व्यवसायात नाव मिळाल्यामुळे 'फुले' हे नाव रूढ झाले. वडील गोविंदराव शेती आणि फुलांचा धंदा करीत. आई चिमणाबाई जोतीराव वर्षाचे होण्यापूर्वीच वारल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील बाईंनी मुलाचा सांभाळ केला.

सातव्या वर्षाच्या सुमारास गोविंदरावांनी मुलाला पंतोजीच्या शाळेत घातले. येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे भाग आहे. 'पंत' हा ब्राह्मण पुरुषाच्या नावानंतर लागणारा आदरवाचक शब्द. त्यापासून झालेला 'पंतोजी' हा शब्द शिकविणाऱ्या माणसाचे सामान्य नाम बनला. म्हणजे शिकविणारा कोणत्या जातीचा असणार, हे त्याच्या व्यवसायाच्या नावातच गृहीत धरलेले होते. पुढे सरकारी शाळा आल्या, हजेरीपट आला, छापील पुस्तके आली, तरी खेड्यातील माणसाच्या तोंडी सरकारी शिक्षकासाठीही हाच शब्द राहिला. जोतीरावांच्या लेखनात 'पंतोजी' हा शब्द जेथे जेथे येतो तेथे त्यातील हा जुना अर्थ जागा असतो. १८६९ मध्ये त्यांनी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजीवर एक स्वतंत्र काव्य लिहिले, हेही ध्यानात ठेवावे.

पंतोजीच्या शाळेतील शिक्षण फार काळ टिकले नाही. माळ्याच्या मुलाला विद्येचा काय उपयोग, असा सल्ला गोविंदरावांना त्यांच्या ओळखीच्या एका कारकुनाने दिला आणि मुलगा शाळेतून निघून मळ्यात कामाला लागला, असे चरित्रकार नोंदवितात. मुलाची बुद्धी पाहून गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट या शेजारच्या दोन गृहस्थांनी गोविंदरावांचे मन वळविले आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. तत्पूर्वीच, १८४० मध्ये, नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. मधली ही वर्षे शिक्षणाच्या दृष्टीने वाया गेली असे आपण सहज म्हणून जातो. परंतु शाळा सुटलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचे काय होते, हे जोतीरावांना ऐकीव माहितीवरून कळलेले नव्हते.

मिशनच्या शाळेत त्यांना सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे असे मित्र मिळाले. हे मित्र ब्राह्मण होते आणि पुढील अनेक वर्षे जोतीरावांच्या शाळांच्या कामात त्यांचा वाटा होता. जोतीरावांनी पंतोजी वर्गावर केलेली टीका वाचताना ही मैत्री विसरता येत नाही, आणि या मैत्रीमुळे ती टीका सौम्य झाली असेही दिसत नाही.

शाळा काढणारा शिक्षक

१८४७ मध्ये जोतीरावांचे शालेय शिक्षण संपले. पुढच्याच वर्षी गोवंडे यांच्यासमवेत ते अहमदनगरला गेले असता तेथील अमेरिकन मिशनच्या फरारबाईंनी चालविलेल्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. पुण्यास परतल्यावर १८४८ मध्ये त्यांनी बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. शाळा काढली की पहिला प्रश्न उभा राहतो तो शिक्षकाचा. मुलींना, त्यातही खालच्या मानलेल्या जातींच्या मुलींना शिकविण्यास कोणी सहजासहजी तयार होईना. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरीच शिकविले होते. आता त्याच शिक्षिका झाल्या. त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षणही घेतले होते, असे चरित्रकार सांगतात. रस्त्याने जाताना त्यांच्यावर चिखल व शेण फेकले जाई ही हकीकत सर्वपरिचित आहे. १८४९ मध्ये समाजाच्या दडपणामुळे गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले.

३ जुलै १८५१ रोजी अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची आणखी एक शाळा सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत अशा शाळा निघाल्या. महार-मांग समाजांतील मुलांसाठीही शाळा काढण्यात आल्या. या कामाची सरकारने दखल घेतली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. पेशवाईत ब्राह्मण विद्वानांना मिळणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून मुलींच्या शाळांना काही मासिक साहाय्यही मिळाले. सरकारी पैसा कोठून येतो आणि कोणाकडे जातो, या प्रश्नाचा जोतीराव पुढे आयुष्यभर पाठपुरावा करणार होते. त्याचा हा पहिला धडा म्हणावयास हरकत नाही.

१८५५ मध्ये जोतीराव व सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरी शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबणारी प्रौढ स्त्रीपुरुष मंडळी दिवेलागणीनंतर तेथे येत. आपल्यापैकी पुष्कळजण हे पुस्तक अशाच वेळी उघडत असतील, त्यांना या शाळेची कल्पना करणे अवघड नाही. याच काळात जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पगारी शिक्षक म्हणूनही काम करीत होते. स्वतःच्या शाळांच्या व्यवस्थापनातून ते १८५८ च्या सुमारास बाजूला झाले. त्यानंतर त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला आणि मजूर, पाथरवट, शेतकरी यांच्याशी त्यांचा रोजचा व्यवहार राहिला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हॉइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेने खर्च करण्याचे ठरविले तेव्हा विरोध करणारे सदस्य जोतीराव एकटेच होते. ती रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे त्यांचे म्हणणे होते.

सरकारचे धोरण आणि शेतकऱ्याचा पैसा

आता सरकारकडे वळू. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते स्थापन झाले. शाळा तपासण्यासाठी इन्स्पेक्टर व डेप्युटी इन्स्पेक्टर नेमले गेले, शिक्षक तयार करण्यासाठी ट्रेनिंग कॉलेजे निघाली. पैशासाठी १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' बसविण्यात आला आणि त्याचा एक तृतीयांश शिक्षणासाठी राखला गेला. कागदावर ही व्यवस्था नीटनेटकी होती. परंतु पैसा देणारा कुणबी आणि त्या पैशाचा लाभ घेणारा वर्ग हे दोन वेगळे होते, ही गोष्ट जोतीरावांनी पुन्हा पुन्हा मांडली. सरकारची समजूत अशी, की वरच्या वर्गांना उच्च शिक्षण दिले की ते आपोआप खाली झिरपेल. ती समजूत खोटी ठरली आहे, असे त्यांनी आयोगाला स्पष्ट सांगितले. उच्च शिक्षण घेतलेल्यांनी आपल्या अशिक्षित बांधवांसाठी काय केले, हा त्यांचा प्रश्न होता.

१८८२ च्या फेब्रुवारीत हिंदुस्थान सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. जोतीरावांच्या निवेदनावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे. मुलींची शाळा आपण सपत्नीक काढली, खालच्या मानलेल्या जातींसाठी शाळा काढल्या, मिशनच्या शाळेत काही वर्षे शिकविले, हे सांगून त्यांनी आपला बोलण्याचा अधिकार प्रथम नोंदविला आहे. शिक्षक म्हणून मिळालेला अनुभव ते साक्षीचा पुरावा म्हणून पुढे करतात.

बारा रुपयांचा शिक्षक

खेड्यातील प्राथमिक शाळेचा त्या वेळचा शिक्षक कसा होता? जोतीरावांच्या निरीक्षणाप्रमाणे तो जवळजवळ नेहमी ब्राह्मण असे. काही थोडे ट्रेनिंग कॉलेजातून आलेले, बाकीचे अप्रशिक्षित. पगार क्वचितच दरमहा दहा रुपयांच्या वर जाई. शिकविण्याची पात्रता त्या पगाराच्या मानानेच असे. हे सांगताना जोतीराव दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतात, आणि अभ्यासकाने त्या सुट्या करून पाहाव्यात. पहिली गोष्ट दारिद्र्याची : दहा रुपयांत चांगला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही. दुसरी गोष्ट अंतराची : हा शिक्षक ज्या मुलांना शिकवितो त्यांच्या घरी जात नाही, त्यांच्यात बसत नाही, त्यांच्या गरजा त्याला ठाऊक नसतात. महार-मांगांच्या मुलांना तर वर्गात इतरांबरोबर बसूही दिले जात नाही.

पहिल्या गोष्टीवरचा उपाय त्यांनी आकड्यांत सांगितला. प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये मिळावेत, मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये मिळावेत. अप्रशिक्षित शिक्षक खरोखर कार्यक्षम नसेल तर त्याच्या जागी प्रशिक्षित माणूस नेमावा. ज्याची पुष्कळ मुले परीक्षेत उत्तीर्ण होतील त्या शिक्षकाला पगाराखेरीज उत्तेजनार्थ काही रक्कम द्यावी. पगाराच्या जोडीला त्यांनी प्रतिष्ठेचाही विचार केला आहे आणि हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपालाचे काम किंवा मुद्रांकांची विक्री अशी एखादी जबाबदारी शिक्षकाकडे सोपवावी, असे ते सुचवितात. त्यामुळे गावगाड्यात त्याला स्थान मिळेल. कुलकर्ण्याच्या दप्तराची गावावर किती सत्ता असते हे जाणणाऱ्या माणसालाच ही सूचना सुचू शकते. हिशेब वाचू शकणारा दुसरा माणूस गावात असला म्हणजे पहिल्याच्या हिशेबाला आपोआप लगाम बसतो.

दुसऱ्या गोष्टीवरचा उपाय अधिक मूलगामी आहे. शिक्षक शेतकरी वर्गातूनच तयार करावेत. असा शिक्षक मुलांच्या आईबापांत मोकळेपणी मिसळेल आणि त्यांच्या इच्छा-अडचणी समजून घेईल. वेळ आली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराचे वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये. त्याच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे. 'पंतोजी' या शब्दात बंदिस्त असलेला व्यवसाय त्या शब्दातून बाहेर काढण्याचा हा प्रयत्न होय.

अभ्यासक्रमाविषयी ते मोजके बोलतात : वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेती, नीती आणि आरोग्य. शहरातल्यापेक्षा विषय कमी असले तरी चालतील, पण ते उपयोगाचे असावेत. भाषेच्या विद्यार्थ्याने या यादीतील मोडीवर थांबावे. छापील क्रमिक पुस्तके बाळबोधीत होती. मात्र सातबाऱ्याच्या पूर्वजांसारखी गावची कागदपत्रे, कर्जरोखे, खरेदीखते हे सारे मोडीत लिहिले जाई. ज्याला केवळ बाळबोध येते तो पुस्तक वाचील, पण सावकाराने पुढे केलेला कागद त्याला वाचता येणार नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि तो उठाव आसपासच्या तालुक्यांत पसरला. त्यानंतर सातच वर्षांनी जोतीराव मोडीचा आग्रह धरतात. न वाचता आलेला कागद जाळण्याची पाळी येऊ नये, असा त्यांचा हेतू असावा, असे मानण्यास जागा आहे. आज मोडी ही ऐतिहासिक दप्तरांच्या अभ्यासाची लिपी उरली आहे. त्या काळी तिचे अज्ञान थेट जमिनीवर येऊन आदळत असे.

तपासणीच्या व्यवस्थेवरही त्यांनी बोट ठेवले. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, तेही कळवून येतो. अशा भेटीचा उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी, आणि शक्य तर अचानक, तपासणी व्हावी. परीक्षेच्या निकालावर शाळेला अनुदान देण्याची पद्धत मागासलेल्या जातींच्या बाबतीत अन्यायकारक आहे, हे त्यांचे म्हणणे आजही विचार करावा असे आहे. ज्या घरात अक्षराची सवय नाही तेथील मुलाला शाळेत आणणे आणि टिकविणे यासाठीच अधिक श्रम पडतात. निकालावर पैसे मिळणार असतील तर कोणताही गरीब शिक्षक असे मूल आपणहून स्वीकारणार नाही. आता येथे एक विसंगती दिसते : उत्तीर्णांच्या संख्येवर शिक्षकाला बक्षीस द्या म्हणणारे जोतीराव निकालावर अनुदान देण्याला विरोध करतात. दोहोंतील फरक असा, की बक्षीस हे पोटापुरत्या पगाराच्या वर मिळावयाचे होते, तर अनुदान हाच शाळेचा आधार होता. निवेदनात हा फरक त्यांनी उलगडून सांगितलेला नाही. तो वाचकाने जाणून घ्यावयाचा आहे.

निवेदनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या निःपक्षपातीपणावर त्यांचा जो विश्वास दिसतो तो आज आपल्याला भाबडा वाटू शकतो. ज्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली त्यांनी स्त्रीशिक्षणाविषयी निवेदनाच्या अखेरीस अगदी थोडक्यात मागणी करावी, याचेही आश्चर्य वाटते. प्राथमिक शिक्षण किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणी मात्र त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत केली. मागे राहिलेल्या समाजांतील मुलांना शिष्यवृत्त्या राखून द्याव्यात, असेही सुचविले.

पुढे काय झाले

आयोगाने १८८३ मध्ये अहवाल दिला. प्राथमिक शिक्षणाचा भार स्थानिक मंडळांवर आणि नगरपालिकांवर टाकावा, शिक्षक-प्रशिक्षणाच्या शाळा वाढवाव्यात, असे त्यात होते. सक्ती नव्हती. निकालावर अनुदान देण्याचे तत्त्व बव्हंशी कायम राहिले. मागासलेल्या प्रदेशांसाठी व समाजांसाठी मात्र अपवाद सुचविण्यात आला. पंतोजीची जागा शेतकऱ्याच्या मुलाने घ्यावी, ही कल्पना अहवालाच्या चौकटीत बसणारी नव्हतीच. १८८३ च्याच जुलैमध्ये जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. त्यात शिक्षणखात्याचा विषय पुन्हा येतो, पण या वेळी तो मराठीत, आणि आयोगासमोर राखलेला संयम बाजूला ठेवून. एकच लेखक एकाच वर्षाच्या आत दोन भाषांत, दोन श्रोतृवर्गांसमोर एकच मुद्दा कसा मांडतो, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांनी दोन्ही लेखन शेजारी ठेवून वाचावे.

मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभाला जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि जरीच्या पोशाखातील मंडळी म्हणजे देश नव्हे, हे राजघराण्यातील पाहुण्याला त्यांनी तोंडावर सांगितले. ११ मे १८८८ रोजी मुंबईत त्यांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू निकामी झाली. डाव्या हाताने लिहिण्याची सवय करून घेऊन त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' सिद्ध केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. अखेरच्या काळात घरात पैशाची चणचण होती आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याकडून कुटुंबाला साहाय्य मिळाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीरावांचे निधन झाले.

पुढे तीन वर्षांनी सयाजीरावांनी आपल्या संस्थानातील अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसाच निर्णय घेतला. सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे काम चालू ठेवले होते. पुण्यात प्लेग आला तेव्हा रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांनाही त्याची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.